जमीन मोजणारे आले तेव्हा

भिवंडी तालुक्यात मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. करासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याची गरज संपली आणि कंपन्यांनी मोठमोठी गोदामं एकाच जागी आणली. उंच रॅक आले, रॅकांबरोबर फोर्कलिफ्ट आल्या आणि फोर्कलिफ्टबरोबर गावोगावची पोरं ऑपरेटर होऊन आली. अशाच एका गोदामात दोन पाळ्या मिळून आठ ऑपरेटर होते. सगळे ठेकेदाराकडचे. त्यांत वयानं थोरले आबा, पाटण तालुक्यातले. हात सगळ्यांत सफाईदार तो दत्ताचा.

हा हात म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि मोटार चालवून आलेला माणूस पहिल्याच दिवशी रॅकचा खांब ठोकतो. तीन टनांची गाडी नेहमी तीन टन उचलते, हाही समज खोटा. वजनाचा मध्य माल पेलणाऱ्या पुढच्या काट्यांच्या मुळापासून पाचशे मिलीमीटरवर असेल, तर तीन टन. माल पुढे सरकला किंवा काटे वर नेणारा मास्ट उंच गेला की तीच गाडी कमी वजनालाही कलंडू शकते. भरलेली गाडी उतारावरून न्यायची तर उलटी न्यायची, माल चढाच्या बाजूला ठेवून. गाडी कलंडलीच तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला असतोच, स्टिअरिंग घट्ट धरून आतच बसायचं. उडी मारणारे गाडीच्या छताखाली सापडून मेले आहेत. हे सगळं दत्ताच्या अंगात भिनलं होतं. पावसाळ्यात तांदळाच्या गोण्यांची थप्पी कुठल्या बाजूला झुकते आहे, हे तो दहा पावलांवरून सांगायचा.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी आठही जणांना बोलावलं. महिन्याभरात दोन विनाचालक फोर्कलिफ्ट चाचणीला येणार होत्या. त्या बसवायला एक इंजिनिअर येईल, त्याला गोदामाची सगळी माहिती द्या, असं साहेब म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर दत्तानं निकाल दिला. "कुणी तोंड उघडायचं नाही. चार नंबरच्या दरवाजासमोर जमीन बसलीय, ते आपल्याला माहीत. कुठल्या गिऱ्हाइकाची पॅलेट फुटकी असतात, ते आपल्याला माहीत. पडू दे ना त्या गाडीला. दोनदा पडली की परत जाईल."

सगळ्यांना पटलं. मलाही त्यात गैर काही दिसत नाही. ज्याची भाकरी जाणार, त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडून द्यावं, ही अपेक्षा कोणी करू नये.

गाड्या आल्या आणि दत्ता म्हणाला तसंच झालं. त्या लेसरच्या किरणांनी भोवतालची अंतरं मोजत चालायच्या. पॅलेटवर गुंडाळलेल्या स्ट्रेच फिल्मचं एखादं सुटं टोक वाऱ्यावर हललं, तरी समोर कुणी आलं असं समजून जागच्या जागी थांबायच्या. खालची फळी तुटलेली असली की कॅमेऱ्याला काटे घालायची जागाच सापडेना. चार नंबरच्या दरवाजाशी पावसाचं पाणी साचलं तिथे तर एक गाडी अर्धी पाळी उभी राहिली. इंजिनिअर, तिशीचा मुलगा, लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहायचा. ऑपरेटर येता-जाता हॉर्न वाजवायचे. त्या आठवड्यात टपरीवर फार हसणं झालं.

आबा हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला पाण्याची बाटली नेऊन दिली आणि विचारलं, "तुमच्या ह्या गाड्या पहिल्यांदा कुठं चालल्या?"

मुलानं सांगितलं, की 1950 च्या दशकात अमेरिकेत. तेव्हा त्या वरून टांगलेल्या किंवा जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागोमाग चालत. पुढे काही गोदामांत जमिनीवर चौकोनी कोड चिकटवले गेले. रोबो त्यांवरून चालतात आणि त्या भागात माणसाला जाऊच दिलं जात नाही. अमेझॉननं 2012 मध्ये असे रोबो बनवणारी अख्खी कंपनीच विकत घेतली.

"म्हंजे गाडीसाठी आधी जागा बदलली," आबा म्हणाले.

"ते सोपं पडतं," मुलगा म्हणाला.

त्या रात्री पाळी सुटल्यावर आबांनी सगळ्यांना थांबवलं आणि आपल्या बापाची गोष्ट सांगितली. बाप मशीद बंदरला माथाडी. हातात आकडा, पाठीवर पोतं, आणि ट्रकाला लावलेल्या फळीवरून दिवसभर चढउतार. तिथल्या एका गोदामात पहिली फोर्कलिफ्ट आली तेव्हा अख्खी टोळी बघायला जमली. गाडी फळीवर चढेना. मुकादमासकट सगळे हसले. बाप घरी येऊन म्हणाला, ह्या यंत्राला पोतं उचलता येत नाही, आपल्याला काय भ्या?

"आन् खरंच, त्या यंत्राला पोतं कधीच उचलता आलं न्हाई," आबा म्हणाले. "फळीवर ते आजबी चढत न्हाई. पण माल पॅलेटवर बांधून यायला लागला. गोदामाचा ओटा ट्रकाच्या उंचीला आणला, मग फळीच लागंना. पलीकडं न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर आलं. यंत्र शिकलं न्हाई रं. पोतंच यायचं बंद झालं. आन् त्या यंत्रावर कोण बसलं? मी बसलो. बापाच्या पोटावर पाय दिऊन."

कुणी बोललं नाही.

"पण एक गोष्ट त्यांनी वेळंवर केली. पोती होती, तवाच आण्णासाहेब पाटलांच्या मागं उभं राहून कायदा करून घेतला. 1969 सालचा माथाडी कायदा. मंडळ झालं, नोंदणी झाली, फंड, ग्रॅच्युइटी कागदावर आली. पोती सरल्यावर गेलं असतं मागायला, तर कुणी दारात उभं केलं असतं? बाप म्हातारपणी त्या फंडावर जगला. आपल्याकडं कागदावर काय हाय? ठेकेदाराची चिठ्ठी."

आबांचं म्हणणं सरळ होतं. गाड्या अडल्या आहेत तोवरच आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींना किंमत आहे. आठ जणांनी बसून सगळं लिहून काढायचं आणि त्या बदल्यात काय हवं, तेही लिहायचं. दोन्ही कागद एकाच वेळी टेबलावर ठेवायचे.

दत्ता उसळला. "आबा, आपणच लिहून द्यायचं म्हणजे आपल्याच गळ्यात फास. एकदा कागद हातात पडला की ते आपल्याला ओळखणारसुद्धा नाहीत."

दत्ताची भीती खोटी नव्हती. माहिती घेऊन माणूस वाऱ्यावर सोडल्याची उदाहरणं कामगारवस्तीत कुणालाही विचारा. आबांनीही ती नाकारली नाही. यादी करू, पण माझ्या पेटीत कुलपात राहील, आधी फक्त एक गोष्ट दाखवू, एवढंच ते म्हणाले. चौघे तयार झाले. दत्ता नाही झाला.

दुसऱ्या दिवशी आबा मॅनेजरसाहेबांना आणि इंजिनिअरला चार नंबरच्या दरवाजाशी घेऊन गेले आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी एका जागी जाऊन थांबलं. दोन बोटं खोल. वरवर सपाट दिसणाऱ्या त्या कोब्यात गाडी का अडखळते, हे त्या मुलाला तेव्हा कळलं. "असं अजून किती आहे?" त्यानं विचारलं.

"वहीभर," आबा म्हणाले आणि मागण्यांचा कागद पुढे केला. आठही जणांना नव्या गाड्यांचं प्रशिक्षण. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं कुणाला काढणार नाही, असं लेखी. आणि नावं ठेकेदाराऐवजी कंपनीच्या हजेरीपटावर.

साहेब म्हणाले, वर विचारतो. आठ दिवस गेले, उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी दुपारी तिघं अनोळखी माणसं गोदामात शिरली. हातात मोजायची यंत्रं आणि खडू. ती कोब्यावर जागोजागी रेघा मारत चालली. चार नंबरला आली आणि तिथे मोठं वर्तुळ काढलं. दत्ता गाडी थांबवून बघत राहिला. त्यानं विचारल्यावर एकानं सांगितलं, "ग्राइंडिंगचं कोटेशन द्यायचंय. सगळी जमीन एका पातळीत आणायची आहे." आणि जाता जाता म्हणाला, "लाकडी पॅलेट पण बंद होणार म्हणतात. सगळी प्लास्टिकची, एकाच मापाची. हजार बाय बाराशे."

दत्ताला ते एका क्षणात उमगलं. ती फुटकी पॅलेट, ती खोलगट जागा, ज्यांच्या भरवशावर तो गप्प बसला होता, त्या गोष्टीच नाहीशा होणार होत्या. गाडीला काही शिकवायची वेळच येणार नव्हती. तो तडक आबांकडे गेला. "वही काढा. गोण्यांचं मी सांगतो."

त्या रात्री आठही जण बसले. दत्तानं जे सांगितलं, त्यानं आबाही चकित झाले. गाडी आणि माल पाहून ट्रकचा पाटा ओट्यापेक्षा किती खालीवर येतो, कोणत्या मालाची थप्पी ओलसर हवेत कशी सरकते, कोणता रॅक कधीतरी धक्का लागून किंचित वाकला आहे. शेवटचं तर माणसं मरण्याचं कारण ठरलं असतं, आणि ते तिघाही मोजणाऱ्यांना दिसलं नव्हतं.

सकाळी आठही जण एकत्र ऑफिसात गेले. वाकलेल्या रॅकचं त्यांनी विनाअट सांगितलं. जिवाचा सौदा करायचा नाही, हे आबांनी आधीच बजावलं होतं. उरलेली वही आबांच्या काखेत राहिली. ग्राइंडिंगला महिना जाणार होता, पॅलेट यायला त्याहून जास्त, आणि दिवाळीचा माल तोंडावर आला होता. कंपनीला घाई होती. तिसऱ्या दिवशी कागदावर सही झाली.

सगळं मिळालं नाही. हजेरीपटाची मागणी साफ फेटाळली गेली. दोन वर्षांची हमी दीड वर्षावर आली. प्रशिक्षण मात्र आठही जणांना, दोन तुकड्यांत. दिवाळीनंतर जमीन घासली गेली, प्लास्टिकची पॅलेट आली, आणि मग त्या वहीबद्दल कुणी काही विचारलं नाही. एक जण दरम्यान चाकणला निघून गेला. आता तिथे सहा गाड्या विनाचालक आहेत. सात जण पाळीपाळीनं त्यांवर देखरेख करतात, अडलेली गाडी सोडवतात, ट्रकातून येणारा वेडावाकडा माल जुन्या फोर्कलिफ्टनं उतरवतात. दीड वर्षानंतर काय, यावर त्यांची बैठक दर महिन्याला होते आणि आता शेजारच्या दोन गोदामांतलेही येऊन बसतात.

मागच्या पावसाळ्यात मानकोलीकडच्या एका गोदामातला ऑपरेटर दत्ताला शोधत आला. त्यांच्याकडेही गाड्या येणार होत्या. "आमच्याकडे काही होणार नाही तसं," तो म्हणाला, "आमची जमीन इतकी खराब आहे, की त्या चालूच शकणार नाहीत."

"खडू घेऊन कुणी येऊन गेलं का?" दत्तानं विचारलं.

"परवा तिघं आले होते. का?"

"किती जण आहात तुम्ही?"

"अकरा."

"पाळी कधी सुटते?"

"दहाला."

"अकराही जणांना थांबव," दत्ता म्हणाला. "मी आणि आबा साडेदहाला येतो. येताना एक दोनशे पानी वही घे."