भीती बोलते, हसू बोलत नाही

'बांबी'मध्ये हरणाची आई मरते, पण तिचं मरण पडद्यावर दिसत नाही. बर्फातून धावणारी मायलेकरं, बंदुकीचा बार आणि मग एकटंच हाका मारत फिरणारं पाडस, एवढंच दिसतं. चित्रपट १९४२ सालचा. तरी 'एवढ्याशा पोराला हे दाखवायचं का?' हा प्रश्न आईबापांना अजून पडतो. त्याच्याही आधी 'स्नो व्हाइट' ब्रिटनमध्ये गेला, तेव्हा तिथल्या सेन्सॉरने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं. आपल्याकडच्यासारखं फक्त प्रौढांसाठीचं नव्हतं ते; मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच पाहावा, असा त्याचा अर्थ.

या भीतीची मला फारशी धास्ती वाटत नाही. अगदी तीन वर्षांच्या लेकराला 'बांबी' दाखवू नये हे खरं, पण पुढे पाहू दे की. घाबरलेलं मूल गप्प बसत नाही. कुशीत शिरतं, रात्री दिवा चालू ठेवायला लावतं, चार दिवसांनी जेवताजेवता मध्येच विचारतं, "त्याची आई परत आली का गं?" विचारलं की बोलता येतं. आपली म्हातारी तरी भोपळ्यात बसते ती वाघ-कोल्ह्यांनी खाऊ नये म्हणूनच. ती गोष्ट कुठल्या आजीने भीतीपोटी सांगायची सोडली आहे?

मला काळजी वाटते ती हसण्याच्या जागांची. 'डंबो'तले (१९४१) कावळे घ्या. बोलण्या-नाचण्यातून ते काळ्या माणसांची नक्कल करतात. निर्मितीच्या वेळी त्यांच्या म्होरक्याचं नाव होतं जिम क्रो. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे याच नावाने ओळखले जात. त्याला आवाज दिला तो गोऱ्या नटाने. गंमत म्हणजे त्या बिचाऱ्या हत्तीच्या पिल्लाला उडायला हेच कावळे मदत करतात, म्हणजे मनाने चांगले. त्यामुळे गुंता अधिकच वाढतो. 'पीटर पॅन'मध्ये (१९५३) अमेरिकेचे मूळ रहिवासी निव्वळ थट्टेचा विषय आहेत. 'अ‍ॅरिस्टोकॅट्स'मधलं (१९७०) सयामी मांजर जेवायच्या काड्यांनी पियानो बडवतं आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलतं. मूल खळखळून हसतं आणि त्याबद्दल काहीच विचारत नाही. जे विचारलं जात नाही ते आत जाऊन बसतं. आपल्या विनोदी सिनेमांतला तोतरा नोकर आपल्या आत असाच बसलेला आहे.

डिस्नेने ही दृश्यं कापली नाहीत. आपल्या ऑनलाइन सेवेवर या चित्रपटांच्या सुरुवातीला, यात काही समाजांचं चुकीचं चित्रण आहे, अशी सूचना २०२० मध्ये घातली. न कापण्याचा निर्णय मला पटतो. पण वाचताच न येणाऱ्या मुलाला त्या सूचनेचा काय उपयोग? ती आपल्यासाठी आहे.

मूल हसायला लागलं की आपण निर्धास्त होतो आणि कुकर लावायला उठतो. त्या वेळी थोडं थांबा. सिनेमा संपल्यावर सहज विचारा, "त्या मांजराला तू का रे हसलास?" आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.