तिसऱ्या दिवसाची भेट

सकाळ ही बाळांच्या न्हाण्याची वेळ. पायांवर घेऊन तेल लावताना बाळाचं पोट जितकं निरखलं जातं, तितकं दिवसभरात पुन्हा निरखलं जात नाही. नुकतंच दूध प्यायलेलं पोट टम्म असलं तरी हाताला मऊ लागतं आणि थोड्या वेळात उतरतं. पण एखादं पोट उतरत नाही. कातडी ताणून चकाकायला लागते, निळ्या शिरा उमटतात, बेंबी बाहेर ढकलली जाते. मुलगा असेल तर कधी अंडकोषाची पिशवीही हवेनं फुगते. बाळ दूध ओढत नाही, उलटी करतं, कधी तिच्यात रक्ताची रेघ असते. रडणं बारीक होतं आणि श्वास उथळ, भराभर चालतो.

नवजात बाळाच्या जठराला भोक पडतं, हे ऐकणाऱ्याला खरंच वाटत नाही. जठर फाटणं म्हणजे अल्सर, दारू, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या. सगळे मोठ्यांचे उद्योग. या जिवाचं अवघं आयुष्य तीन-चार दिवसांचं. तरी हे घडतं. फार क्वचित, पण बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत. वैद्यकात याची पहिली नोंद 1825 च्या सुमाराची आहे. टाके घालून दुरुस्ती करून पाहिल्याची नोंद 1929 ची, आणि शस्त्रक्रियेनंतर वाचलेलं पहिलं बाळ 1950 चं. मधली सव्वाशे वर्षं आजार माहीत होता, उपाय नव्हता.

कारणं अनेक. दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा जन्मताना गुदमरलेलं बाळ प्राणवायू कमी पडला की आपलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. पोटाच्या वाट्याला उरेल ते येतं. कधी श्वास देण्यासाठी तोंडावर मास्क लावून पिशवी दाबताना हवा फुप्फुसाऐवजी जठरात शिरते. कधी पुढचं आतडं जन्मतःच बंद असतं. कधी तर काहीच सापडत नाही. जठर फुगत गेलं की सर्वांत जास्त ताण त्याच्या सर्वांत रुंद भागावर येतो, म्हणून फाटतं ते बहुतेकदा बाहेरच्या मोठ्या वळणाशी. मग गिळलेली हवा पोटाच्या पोकळीत साठते आणि छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर खालून दाब येतो. नवजात बाळ श्वास घेतं ते मुख्यतः या पडद्याच्या जोरावर. म्हणून दुखणं पोटाचं असलं तरी बाळ आधी श्वासानं हरतं.

आता हे बाळ गंधवानीत जन्मलंय असं समजा. धार म्हटलं की मराठी माणसाला पवार आठवतात, मांडू आठवतं. गंधवानीला थांबायचं कारण पर्यटकाला सहसा नसतं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातला हा आदिवासी मुलूख, माळव्याच्या पठाराखाली, निमाडच्या अंगाला. फलिया म्हणजे वाड्या विखुरलेल्या, घरं एकमेकांपासून लांब, अनेक कुटुंबं मजुरीसाठी गुजरातेत ये-जा करणारी. इतक्या लहान बाळाचं पोट उघडणारे सर्जन आणि त्याला भूल देणारे डॉक्टर हवे असतील तर इंदूर गाठायचं, म्हणजे रस्त्यानं शंभर किलोमीटरहून जास्त.

इंदूरच्या टेबलावर जे होतं ते सांगायला सोपं आहे. खोली इतकी गरम ठेवतात की सर्जन घामेजतो. दोन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर रक्त, त्यामुळे रक्तानं भिजलेला प्रत्येक बोळा मोजायचा. पोट उघडून कोमट सलाइननं धुतात. फाटलेल्या कडांचा मेलेला भाग ताजं रक्त दिसेपर्यंत कातरतात आणि विरघळणाऱ्या बारीक दोऱ्यानं बहुधा दोन थरांत शिवतात. जठर उलटून मागची बाजूही पाहावीच लागते. पुढचं भोक शिवलं आणि मागचं राहिलं, तर सगळं व्यर्थ. पुढे आतड्यात कुठे अडथळा आहे का, तेही चाचपतात. मग नळी ठेवायची, आठवडाभर जठराला विश्रांती द्यायची आणि दूध थेंबाथेंबानं सुरू करायचं. हात तयार असेल तर यात काही अगम्य नाही.

अडतं ते आधीच्या तासांत. बाळ टेबलावर पोचतं तेव्हा ते गार पडलेलं आहे की गरम, फाटल्याला सहा तास झालेत की दीड दिवस, जंतू रक्तात पसरलेत का, यावर टाक्यांचं भवितव्य ठरतं. तोंडानं दूध, घुटी, गुळाचं पाणी काहीच न देणं, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून कपड्यात गुंडाळणं, जवळच्या दवाखान्यात जठरात नळी घालून हवा ओढणं, फारच ताणलं असेल तर सुईनं पोटातली हवा सोडणं, सलाइन आणि प्रतिजैविक सुरू करणं: या कामांना सर्जन लागत नाही. माझ्या लेखी शस्त्रक्रिया इथेच सुरू होते, सुरी दिसण्याच्या कितीतरी आधी.

आणि त्याही आधी कुणीतरी ते पोट ओळखायला हवं. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. झाबुआ आणि शहडोलकडे न्यूमोनियावर तान्ह्यांना डागल्याच्या बातम्या आल्या आहेत. यावर संतापणं सोपं आहे. पण डागणाऱ्या माणसानं पोट फुगलंय हे वेळेत पाहिलेलं असतं, हेही खरं. त्याची नजर बरोबर असते, हात चुकतो.

ही नजर घेऊन बरोबर हात घरी पोचावा, याची पद्धत मराठी मातीत तयार झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली. त्यांनी शिकवलेल्या धोक्याच्या खुणा कुणालाही कळतील अशा आहेत. रडणं क्षीण झालं, ओढणं कमी झालं, अंग ढिलं पडलं, हातापायांना गारवा, उलट्या किंवा पोट फुगणं. पुढे 2011 मध्ये हीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचं; बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीही. जठर फाटण्याचे दिवस दुसरा ते सातवा. आखताना कुणी या दुर्मीळ आजाराचा विचार केला नसेल, पण तिसऱ्या दिवसाची भेट नेमकी त्याच्या वाटेवर येते.

अर्थात वाटेवर खड्डेही आहेत. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2023 च्या आकड्यांत देशाचा अर्भकमृत्युदर हजारी 25, मध्य प्रदेशचा 37. होळकरांचं नाव मिरवणाऱ्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात 2025 च्या ऑगस्टअखेर अतिदक्षता कक्षातल्या दोन नवजात मुलींना उंदीर चावले. दोघी दगावल्या, त्यातली एक धार जिल्ह्यातली. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. इतक्या लांबून गाडी पळवून आणलेल्या बाळाच्या घरच्यांना इथपर्यंत आल्यावर तरी निर्धास्त होता यायला हवं.

आशाला या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, असं 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत ठरलं. एका भेटीला पन्नासही नाहीत. तेवढ्यात तिनं तापमान मोजायचं, वजन करायचं, भिलीत बोलणाऱ्या सासूला पटवायचं, नवरा गुजरातेत असेल तर त्याला फोन लावायचा आणि 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाला कुणी काही पाजत नाही ना, हे उंबऱ्यात बसून बघायचं.