शंकासमाधान: भीती वाटते, म्हणजे विश्वास नाही?

शंका: मी पुण्यात बँकेत अधिकारी आहे, वय 54. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी मंडळीला कायमचा पाळक नाही, मुलांचा संडे स्कूलही बंद पडलाय. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिकडे जावं, असं बरेच दिवस मनात आहे. पण पगार, घराचा हप्ता, अंगवळणी पडलेलं सुख सुटत नाही. रात्री धास्तीने झोप उडते. पत्नी काही बोलत नाही. प्रार्थनासभेत एक बंधू म्हणाले, "भीती आहे तिथे विश्वास नाही, पेत्राकडे बघा." माझा विश्वास खरंच कमी आहे का?

समाधान: पेत्राकडे बघायचं तर पुरतं बघू. मत्तयाच्या 14व्या अध्यायात तो होडीतून आपण होऊन उडी टाकत नाही. पाण्यावरून येणारा प्रभूच असेल तर त्याने मला बोलवावं, असं तो आधी म्हणतो आणि बोलावणं आल्यावरच उतरतो. वाऱ्याची भीती त्याला वाटली ती पाण्यावर चालू लागल्यानंतर. बुडताना ओरडला, तेव्हा प्रभूने आधी हात धरला, अल्पविश्वासाबद्दलचे बोल मग. गेथशेमाने बागेत तर खुद्द येशू व्याकूळ झाला होता. प्याला टळावा म्हणून त्याने पुन्हा पुन्हा प्रार्थना केली. तुमचे बंधू तिथे काय म्हणतील?

हिशेबाचीही लाज नको. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हा दाखला लूकच्या 14व्या अध्यायात प्रभूनेच दिला आहे.

मला खटकलं ते तुमचं एक छोटं वाक्य: "पत्नी काही बोलत नाही." तुम्ही विचारलंत का? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून वेगळं राहावं लागलं; त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. एकाने टाकलेल्या पावलाची किंमत घरातल्या दुसऱ्याने किती मोजली, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचा. टिळकांविषयी मला आदरच आहे. पण आपल्या साक्षींमधून ही बाजू क्वचितच ऐकू येते. साक्ष द्यायला नवरा उभा राहतो आणि बायको मागे चहाचं बघत असते. याच टिळकांनी 1917 मध्ये, साधारण तुमच्या वयाचे असताना, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ उभा केला. तेव्हा वय झालं, ही सबब मी ऐकणार नाही.

सुखात राहणं पाप नाही. मात्र "मनात आहे" म्हणत वर्षं काढणं, हेही एक सुखच आहे. त्यात मोठा त्याग केल्याचं समाधान मिळतं आणि हप्ताही चुकत नाही. संडे स्कूल चालवायला राजीनामा लागत नाही. पुण्याहून नगरला रविवारी जाऊन येता येतं. तुम्ही येणार हे गावच्या मंडळीला हवं आहे का, हे पंचांना आधी विचारा. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. ते हो म्हणाले तर पत्नीसह जायला लागा. तिला यायचं नसेल, तर का नाही ते नीट ऐकून घ्या. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, त्या मुलांबरोबर एक नाताळ होईपर्यंत, खणातच राहू दे.