मृतांची साक्ष

रुमानियातील तिमिशोआरा हे नगर आज फारसे कुणाच्या स्मरणात नसेल. १९८९ च्या डिसेंबरात तेथील लास्लो तोकेश या प्रोटेस्टंट पाळकाला घराबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. त्याच्या दाराशी माणसे जमली आणि तेथूनच चाउशेस्कूच्या हुकूमशाहीविरुद्ध उठाव पेटला. निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला, हे निर्विवाद आहे.

त्या नाताळच्या सुमारास जगभरच्या दूरचित्रवाणीवर एक दृश्य झळकले. उकरलेली जमीन, ओळीने ठेवलेली उघडी प्रेते, आणि एका स्त्रीच्या अंगावर तान्हे मूल. मृतांचा आकडा सांगितला गेला ४,६३०. आम्हीही त्यावर विश्वास ठेवला. किंबहुना विश्वास ठेवताना आम्हाला एक प्रकारचे समाधानच वाटले, हे कबूल करावयास हवे. निरीश्वरवादी राजवटीविषयी आमचे मत आधीच ठरलेले होते. शिवाय मृत बालकासह माता! गुड फ्रायडेला ज्यांचे डोळे पाणावतात, ते असे चित्र तपासून पाहात नाहीत.

महिन्याभरात उलगडा झाला. ती गरीब, बेवारस मृतांची दफनभूमी होती. प्रेतांवरचे टाके छळाचे नव्हते, शवविच्छेदनाचे होते. ती स्त्री यकृताच्या विकाराने वारली होती, मूल तिचे नव्हतेच. तिमिशोआरातील खरे बळी शंभराच्या आसपास भरले.

राजवट क्रूर होतीच, मग आकड्याचा एवढा बाऊ कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु नाताळच्याच दिवशी चाउशेस्कू पतिपत्नीवर घाईघाईने खटला चालला, आरोपात साठ हजार बळी मांडले गेले, आणि लगेच दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. साऱ्या देशातील मृतांची संख्या पुढे अकराशेच्या थोडी वर गेली. पाखंडी लोकांना पकडण्यासाठी खोटे बोलावे काय, या प्रश्नावर संत ऑगस्टीन यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि नकार दिला. सत्यासाठी असत्य चालते असे एकदा ठरले, की सत्य सांगणाऱ्यावरही कोण विश्वास ठेवील, ही त्यांची चिंता होती. येथे तेच झाले. चार हजारांचा आकडा कोसळताच त्या शंभरांविषयीही लोक शंका घेऊ लागले.

जमीन उकरणारे मात्र लबाड नव्हते. ते आपली माणसे शोधत होते. गोळीबारात मेलेल्या सुमारे चाळीस जणांची प्रेते रुग्णालयातून रातोरात पळवून बुखारेस्टला नेऊन जाळली होती. जग ज्यांच्यासाठी रडले त्या प्रेतांत ते नव्हतेच. त्यांची राख तोवर गटारात ओतली गेली होती.