कच्चा दोरा

माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे डोंगराच्या कडेला असलेल्या एका वस्तीवर सुमन नावाची बाई राहायची. तिच्याकडे शिलाई मशीन होतं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, जे द्याल ते शिवायची. टीप सरळ, माप कधी चुकायचं नाही. सुमननं हातात घेतलेलं काम पुन्हा बघावं लागत नाही, असा तिचा लौकिक होता, आणि तो तिनं घरातही चालवला होता. मुलगा सूरज आयटीआय होऊन बाहेर पडला, तोवर त्यानं एकही अर्ज स्वतःच्या हातानं भरला नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे तीच जायची, परीक्षेच्या आदल्या रात्री कंपासपेटी उघडून बघायचीही तीच. घरी आलेल्या पाहुण्यानं "काय शिकतोस रे?" असं पोराला विचारलं, तर त्यानं तोंड उघडायच्या आत सुमनचं उत्तर देऊन झालेलं असे.

सूरजला चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिसची जागा मिळाली. आषाढात रुजू व्हायचं होतं, राहायला चौघांत एक खोली. सुमननं डबा, बादली, कुलूप अशी यादी केली आणि सगळ्यात वर लिहिलं, वाकळ. घोंगडी काय, माणात मेंढरं आहेत, विणणारे आहेत, पैसे टाकले की मिळते. वाकळ ज्याच्या त्याच्या घरातल्या कापडाची असते, तिला दुकान नाही. (अलीकडे शहरातल्या प्रदर्शनांत चौकोनी तुकड्यांच्या देखण्या गोधड्या टांगलेल्या दिसतात. दिसतात छान. त्यांतलं कापड कुणी नेसलेलं नसतं, एवढंच.)

मशीन होतंच, म्हणून तिनं आधी मशीनवरच प्रयत्न केला. जुन्या साड्यांचे पाच थर घातले आणि पायडल मारलं. मशीनचा पाय वरचं कापड पुढं ढकलत राहिला, खालचे दात खालचं कापड ओढत राहिले आणि मधले थर त्यांच्या मर्जीनं फिरले. टीप शेवटाला पोचेपर्यंत वरची साडी चार बोटं पुढं आली होती आणि सुई मोडली होती. मग ती उठली आणि थोरल्या आत्यांकडे गेली.

थोरल्या आत्या म्हणजे तिच्या चुलत सासूबाई. सत्तरी उलटलेल्या, चष्मा दोरीनं बांधलेला. वस्तीवरच्या निम्म्या घरांतल्या वाकळा त्यांच्या हातच्या. त्या म्हणाल्या, "दुपारचं येत जा. मशीन घरी ठेव आन् हात घेऊन ये."

पहिला दिवस नुसता उसवण्यात गेला. जुन्या शर्टांच्या कॉलरी काढायच्या, बटणं कापून डब्यात टाकायची, चेन उसवायची, परकराचे नेफे सोडवायचे. जिथं जिथं कापड दुहेरी-तिहेरी शिवलेलं असतं, तिथं हाताची सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला ती जागा रात्रभर टोचते. साड्या निवडताना आत्यांनी सिंथेटिक साड्यांचा ढीग बाजूला सारला. ते कापड घाम टिपत नाही, शिवाय बुळबुळीत, आत एका जागी ठरत नाही. सुती तेवढं ठेवलं. मग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक हिरवं सुती लुगडं काढलं.

"हे बहात्तरच्या दुष्काळातलं," त्या म्हणाल्या.

1972 सालचा दुष्काळ माणातल्या जुन्या माणसांना तारखेसकट आठवतो. विहिरी आटल्या, जनावरं गेली, सरकारनं रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली आणि बायका खडी फोडायला गेल्या. खायला मिलो आणि सुकडी. त्या कामाच्या पगारातून आत्यांनी पहिली वस्तू घेतली ती हे लुगडं. सणावारी नेसलं, म्हणून टिकलं.

"माझा पोरगा खडीच्या ढिगावरच चालायला शिकला बघ," आत्या लुगड्याची घडी मोडता मोडता म्हणाल्या. "बाभळीला झोळी बांधलेली असायची. त्यातनं उतरायचा, पडायचा, रडायचा, परत उठायचा. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातानं दगड धरलेला. त्याचं बोट धरायला तिसरा हात कुठनं आणू?"

सुमन हळहळली. "लई सोसलं आत्या तुम्ही."

"मी सोसलं ते खरं. त्यानं काय सोसलं नाय. आठ दिवसांत पळाय लागला."

नऊवारी लुगडं म्हणजे साधारण आठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले, की दोन जोडून खालचा पदर होतो आणि दोन जोडून वरचा. एका लुगड्यात वाकळीच्या दोन्ही बाजू निघतात. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी, नावं वेगळी, पण हिशेब सगळीकडे तोच: अंगावरून उतरलेलं कापड आणि घरातली दुपार.

सारवलेल्या अंगणात खालचा पदर अंथरला. चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, दोन दगड. त्यावर आतले थर. इथं आत्यांनी सुमनला बराच वेळ घोळवलं. एका थरात दोन तुकड्यांचा सांधा जिथं येतो, तिथंच वरच्या थराचा सांधा येता कामा नये, नाहीतर तिथं वळ उठतो. जिथं कापड विरलंय तिथं अंगरख्याची पाठ घाल, जिथं जाड झालंय तिथली बाही काढ. प्रत्येक थर हातानं मधून बाहेर असा निपटून काढायचा. शेवटी वरचा हिरवा पदर टाकला आणि दोघी समोरासमोर बसल्या.

"आता टाचून घ्यायचं," आत्या म्हणाल्या. "मधनं सुरू कर आन् कडंकडं जा. कडंनं सुरू केलंस तर सगळा झोळ मधी गोळा हुतो, त्याला बाहेर जायला वाटच ऱ्हात नाय. निम्मं मी टाचते, निम्मं तू."

आत्यांनी भडक पिवळा दोरा ओवला. सुरुवातीची ठसठशीत गाठ वरच्या बाजूलाच ठेवली आणि चार-चार बोटांचे लांब, सैल टाके घालत त्या कडेला पोचल्या. शेवटाला गाठ नाही. दोरा वीतभर मोकळा सोडून तोडून टाकला. वीतभर अंतरावर दुसरी ओळ. ओळी सरळही नव्हत्या. सुमनला वाटलं, म्हातारीची नजर गेली.

तिनं स्वतःच्या पिशवीतून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं, टेरिकॉटचं, तुटायचं नाव नको, लुगड्याला रंग तंतोतंत जुळणारं. गाठ आत लपवली. बारीक, एकसारखे टाके घातले, प्रत्येक टाका ओढून घट्ट केला, ओळीच्या शेवटी दोनदा उलटा टाका मारला. ओळींमधलं अंतरही तिनं निम्म्यावर आणलं, कापड हलायलाच नको म्हणून. आत्यांचं काम एका दुपारी झालं. सुमनला तीन लागल्या.

आत्यांनी वाकून पाहिलं. "दोरा कुठला म्हणायचा?"

"रिळाचा हाय. रंग बघा कसा जुळलाय, टाका दिसत पण नाही."

"हं," म्हणाल्या आत्या आणि पानाचा डबा उघडला. दुसऱ्या कुणी तिथंच सगळं उसवायला लावलं असतं. आत्यांना घाई नव्हती. सुमनच्या वाटणीचं अर्धं अंग पुढं काय बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग खरी शिवण सुरू झाली, धावदोरा. दोरा सुती, मेणावरून ओढलेला. दुपार झाली, की दोघी वाकळीवरच बसायच्या, म्हणजे अंगाच्या भारानं थर जागचे हलत नाहीत. गव्हाच्या दाण्याएवढा टाका, सुईवर एका दमात चार-पाच टाके घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. कडेपासून आत, चौकोनात चौकोन. ओळीला ओळ बोटाच्या अंतरावर. सुमनच्या बोटाला आधी भोकं पडली, मग घट्टे पडले. आठवडा गेला, दुसरा गेला. मशीनवर एवढ्या वेळात तिनं एका शाळेचे गणवेश शिवून दिले असते, आणि हे तिनं दोनदा बोलूनही दाखवलं. आत्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

मधल्या एका दुपारी सूरज बँकेचा फॉर्म घेऊन आला. पगार खात्यात जमा होणार, खातं उघडायचं होतं.

"मम्मी, हे भर ना."

"ठेव तिथं. रात्री भरते. आधार कार्ड कुठं टाकलंयस? असू दे, मीच शोधते."

पोरगं फॉर्म ठेवून गेलं. आत्यांनी सुईत दोरा ओवला, बोलल्या काहीच नाहीत.

शेवटचा चौकोन मिटला त्या दिवशी आत्या म्हणाल्या, "आता टाचलेलं काढ."

आत्यांच्या बाजूचं काम सोपं होतं. वरची गाठ कात्रीनं उडवली, दुसऱ्या टोकाचं मोकळं शेपूट धरलं आणि ओढलं. पिवळा दोरा अख्खाच्या अख्खा हातात आला. टाके लांब आणि रंगानं वेगळे, त्यामुळं शिवताना दोघींच्याही सुया त्यांना चुकवून गेल्या होत्या. ओळीमागून ओळ निघाली. खाली कापड सपाट होतं.

सुमनच्या बाजूला आधी दोराच सापडेना. हिरव्यावर हिरवा. गाठी आत. जिथं सापडला, तिथं धावदोऱ्याची सुई त्याच्या मधून गेलेली, एकदा नव्हे, प्रत्येक दोन बोटांवर. कच्चा टाका आणि पक्का टाका एकमेकांत असे गुंतले होते, की एक ओढला की दुसरा आवळायचा. घट्ट ओढलेल्या ओळींच्या मधे कापडाला चुण्या पडल्या होत्या आणि त्या चुण्यांवरूनच शिवण गेली होती, म्हणजे त्या आता कायमच्या. सुमननं ब्लेड घेतलं. दुसऱ्याच टाक्याला टेरिकॉटचा दोरा तुटला नाही, पन्नास वर्षांचं लुगडं फाटलं. चांगलं बोटभर.

ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "मी तर तुमच्यापेक्षा चांगलं टाचलं होतं, आत्या."

"लई चांगलं टाचलंस," आत्या म्हणाल्या. "तीच तर अडचण झाली. अगं, शिवणीला पाय फुटंस्तवर धरून ठेवायचं काम त्या दोऱ्याचं. तू त्यालाच शिवण करून बसलीस. मग खरी शिवण कुठं जाणार?"

"मग त्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"त्या दिवशी तुला टाका दिसत हुता. काढायचं दिसत नव्हतं."

अर्धी वाकळ उसवावी लागली. सुमननं एकटीनं उसवली, चष्म्याच्या दुकानातून आणलेल्या भिंगाखाली, दोरा दोरा करून. फाटल्या जागी आत्यांनी सूरजच्या जुन्या गणवेशाच्या खाकीचं ठिगळ दिलं. मग सुमननं पिवळा दोरा मागून घेतला आणि पुन्हा टाचलं, मधून कडेकडे, चार बोटांचा टाका, सैल, शेवट मोकळा. ओळी वाकड्या आल्या. तिनं त्या तशाच राहू दिल्या, आणि सुमनला ओळखणाऱ्यांना यातलं अवघड काय ते कळेल.

त्या रात्री सूरजनं विचारलं, "मम्मी, फॉर्म भरलास?"

फॉर्म तिच्या समोरच होता. पेनचं टोपण काढलेलं होतं. तिनं टोपण लावलं आणि दोन्ही त्याच्या पुढं सरकवलं.

"तू भर. अडलं तर इचार."

तो बराच वेळ बसला. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायच्या आधी स्वतःच मागचं पान वाचलं. बँकेनं फॉर्म परत पाठवला. नमुना सहीच्या दोन चौकटींत दोन वेगळ्या सह्या होत्या. सुमनच्या जिभेवर बरंच काही आलं. ती धावदोऱ्याची ओळ पुरी करत राहिली. सूरज दुसऱ्या दिवशी दहिवडीला जाऊन नवा फॉर्म घेऊन आला, तिथंच बाकावर बसून भरला आणि देऊन आला. खातं उघडलं.

वाकळ आषाढाच्या आधी पुरी झाली आणि चाकणला गेली. घटस्थापनेच्या आधी गावोगावी वाकळा धुतात, तेव्हा सूरजनं खोलीवरच्या नळाखाली ती सोडा घालून भिजवली. ओली वाकळ एकट्याला पिळवत नाही, म्हणून खोलीतल्या तिघांना हाताशी धरलं. हे त्यानं आईला विचारून केलं नाही, फोनवर नंतर सांगितलं. वाळायला दोन दिवस लागले, पण कुठं गोळा झाला नाही.

तुमच्या घरी जुनी सुती लुगडी, धोतरं पडून असतील आणि या उन्हाळ्यात तुम्ही वाकळ शिवायला बसणार असाल, तर टाचायला वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, टाका लांब घाला आणि शेवटाला गाठ मारू नका. जवळपास शिवणारी एखादी म्हातारी असेल, तर तिच्या समोर बसून शिका. ती "हं" म्हणाली, तर मात्र तिथंच थांबा आणि विचारा.