मागून येणारा वारा

वडील पहाटे जपाला बसतात, शेजारच्या खोलीत मी पत्रिका छापतो. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा घरघरायचा. वडील बोलत नसत, दार ओढून घेत. शेवटी १२० मिलिमीटरचा बसवला: पाती मोठी, म्हणून कमी फेऱ्यांत तेवढीच हवा. जुन्याच्या पात्यांवर उदबत्तीच्या काजळीचा चिकट थर निघाला. म्हणजे घरघरीत देवघराचाही वाटा होता!

जपातलं वडिलांचं मौन पाहून नाथपंथ आठवतो. आमच्या जवळच्याच ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली, असं परंपरा सांगते. या पंथाची भिस्त श्वासावर, आणि श्वास तर चालूच असतो. मग मौन म्हणजे थांबणं कसं? पंख्याचंही तसंच: तो थांबला तर प्रोसेसर तापतो, काम अडतं.

काल वडील म्हणाले, "बंद पडलं का रे?"

मी त्यांचा हात कॅबिनेटमागे नेला. कोमट वारा लागत होता.