दोघांचा एकच चेंडू

७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी, ज्यांनी गोल्फचे मैदान कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते अशी असंख्य माणसे टीव्हीसमोर खिळून बसली होती. अदिती अशोक टोकियोत ऑलिंपिक पदकाच्या दारात उभी होती. एका फटक्याने कांस्य हुकले आणि ती चौथी आली. मग गोल्फ आपल्या घरांतून जसा आला तसा निघून गेला. यात लोकांचा दोष नाही. साठ खेळाडू चार दिवस आपापल्या आकड्याशी झुंजतात आणि झेंडा फक्त नावापुढे असतो. देशांच्या स्पर्धेत देश दिसतच नसेल, तर लोकांनी जीव गुंतवायचा कशात?

हा खेळ रंगतदार करायचा म्हणजे बक्षिसाची रक्कम वाढवायची, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. एकाच्या फटक्याला दुसऱ्याचे नशीब बांधलेले असले, की रंगत आपोआप येते. रायडर चषक पाहा. इंग्लंडमधले बियाण्यांचे व्यापारी सॅम्युएल रायडर यांच्या नावाने १९२७ साली सुरू झालेली ही लढत. युरोप आणि अमेरिका असे बारा-बारा खेळाडूंचे दोन संघ, तीन दिवस, २८ सामने. या सामन्यांसाठी बक्षिसाची रक्कम ठेवलेली नसते, तरी कसलेले विजेते इथे रडताना दिसतात. २०१२ मध्ये अमेरिकेत मेडिनाला शेवटच्या दिवशी युरोप ६-१० असा मागे होता. संध्याकाळी तो साडेचौदा-साडेतेरा असा जिंकला.

त्यातला फोरसम्स हा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा. जोडीदाराने चेंडू झाडीत घातला, तर काढायचा तुम्ही. तक्रार करायला जागा नाही, कारण पुढच्या होलला तुमच्या चुकीची भरपाई तोच करणार असतो. कबड्डीत चढाईला एकटाच जातो, पण त्याच्या दमावर सगळा संघ श्वास रोखून असतो. फोरसम्समध्ये गोल्फला तोच जिव्हाळा लाभतो.

मात्र संघाचे नाव दिले म्हणजे संघ झाला, असे नाही. आशियाई स्पर्धांत सांघिक पदक आहे. १९८२ मध्ये दिल्लीत भारताने ते सुवर्ण जिंकले आणि त्याचा अभिमान आहेच. पण ते पदक ठरते एकेकट्याच्या आकड्यांच्या बेरजेने. खेळताना कोणी कोणाच्या मदतीला धावू शकत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अदिती शेवटच्या फेरीत सात फटक्यांच्या आघाडीने उतरली. ती आघाडी गळत गेली, रौप्य हाती आले. आपल्या देशाच्या मुली त्याच मैदानावर होत्या, तरी तिचा भार हलका करणे नियमांत बसत नव्हते. सौदी पैशांवर उभ्या राहिलेल्या लिव्ह लीगनेही संघ काढले; पण करारावर जमलेल्या संघासाठी गावोगावी कोणाचे काळीज धडधडल्याचे मला दिसले नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. संघ आला की गर्दीचा उन्माद येतो. २०२५ च्या रायडर चषकात न्यूयॉर्कजवळ बेथपेजला युरोपच्या रोरी मॅकिलरॉयला ऐन फटक्याच्या वेळी शिवीगाळ झाली. ती लाजिरवाणीच होती. पण याच चषकात १९६९ साली, बरोबरीत आलेल्या शेवटच्या सामन्यात, अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा होलजवळचा छोटा फटका न मारताच मान्य करून टाकला आणि सगळी लढत १६-१६ अशी बरोबरीत सुटली. उदारपणा दाखवायला समोर प्रतिस्पर्धी असावा लागतो, नुसता आकडा असून चालत नाही. उन्मादाला आवर घालावा. त्यापायी संघ मोडू नयेत.

परंपरेच्या नावाने अडून बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. ब्रिटन आणि आयर्लंडचा संघ अमेरिकेपुढे वर्षानुवर्षे हरत होता. १९७९ पासून, निकलसच्याच आग्रहाने, सारा युरोप त्या संघात आला. ती परंपरा मोडली म्हणून चषक जगला.

आता मोठे दार उघडते आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक गोल्फ येणार आहे. देशाकडून एक स्त्री आणि एक पुरुष. ज्या खेळात कितीतरी क्लबांनी बायकांना दारात उभे केले नाही, त्या खेळात हा न्यायच आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. आशियाई स्पर्धांत बेरजेच्या जागी समोरासमोरच्या जोड्यांची लढत यावी. दोघा-दोघांच्या संघांचा विश्वचषक २०१८ नंतर झालेला नाही, तो मिश्र जोड्यांसह पुन्हा भरवावा.

आणि ही सवय घरापासून लागायला हवी. गोल्फपटू उदयन माने पुण्याहून टोकियो ऑलिंपिकला पोहोचला, म्हणजे खेळाडू आपल्याकडे आहेत. पुण्या-मुंबईच्या क्लबांना माझी विनंती आहे: वर्षातून एकदा तरी मुलगा आणि मुलगी अशी जोडी लावून फोरसम्सची स्पर्धा ठेवा, कॅडींच्या मुलांनाही त्यात घ्या आणि त्या दिवशी फाटक सगळ्यांसाठी उघडे ठेवा.